वाय-फायचा खांब गर्दीच्या वाटेवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये 'गोदाघाटावर खांबाखांबाला मोफत वाय-फाय बसवा' ही मागणी वाचली. पत्रलेखक बंधूंची कळकळ खरी आहे. कुंभमेळ्याच्या पर्वणीला आलेल्या माणसाला घरी फोन लावता आला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण त्यांनी सुचवलेली ठिकाणे पाहा: मालेगाव स्टँडचा उतार, सरदार चौक, रामकुंडाच्या पायऱ्या, गाडगे महाराज पूल. यांपैकी एकाही ठिकाणी वाय-फाय असता कामा नये. हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवे, म्हणून लिहिते आहे.

मी पंचवटीत राहते. केबल आणि इंटरनेट जोडण्या हा आमचा घरचा धंदा. सप्ताह, सभा, प्रदर्शने, लॉन्सवरची लग्ने अशा ठिकाणी दोन-चार दिवसांपुरते नेट उभे करून द्यायचे काम मी स्वतः बघते.

जितके वाय-फायचे डबे (लहर फेकणारी यंत्रे) जास्त तितके नेट चांगले, असा पत्रलेखकांचा समज दिसतो. मोकळ्या जागेत हे उलटे पडते. वाय-फायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे लहरींच्या वाटा, तीनच आहेत: १, ६ आणि ११. चौथा डबा लावला की तो आधीच्या तिघांपैकी कोणाचा तरी वेळ खातो. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, ग्रामसभेत असते तसे, बाकीच्यांनी थांबायचे. घरात भिंती असतात, म्हणून शेजाऱ्याचा राऊटर आपल्याला फार छळत नाही. घाटावर भिंत कुठली? उंच खांबाच्या टोकाला पूर्ण ताकदीने लावलेला डबा पार पलीकडच्या काठावर ऐकू जातो. तिकडच्या फोनला वाय-फायच्या रेघा भरपूर दिसतात, पण फोनची स्वतःची ताकद तेवढी नसल्याने त्याचे बोलणे डब्यापर्यंत पोचतच नाही. रेघा दिसतात, नेट नाही, असे लोक म्हणतात ते यामुळे. त्यात माणसाच्या अंगात पाणी असते आणि ते ही लहर शोषून घेते. सकाळी रिकाम्या मैदानावर तपासून 'मस्त चालतंय' म्हटलेले नेट संध्याकाळी माणसे भरल्यावर बसते. आमच्या धंद्यातले नवखे इथेच फसतात.

उपाय नाहीत असे नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल पुष्कळ आहेत आणि २०१८ पासून हा पट्टा बाहेर वापरायलाही परवाना लागत नाही. डबे खाली लावायचे, ताकद कमी ठेवायची, ठरावीक दिशेलाच फेकणारे अँटेना वापरायचे, चॅनेल अरुंद, २० मेगाहर्ट्झचेच ठेवायचे, १ एमबीपीएससारखे जुने संथ वेग बंद करायचे आणि प्रत्येक डब्याला मागून फायबर द्यायचे. बसलेल्या गर्दीसाठी एवढे केले की काम होते. आम्ही केलेले आहे. माझा आक्षेप आहे तो जागेला.

गंगापूर रोडकडच्या एका मैदानावरच्या कार्यक्रमाचे काम आमच्याकडे होते. आयोजकांचे नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचे त्यांना कळेल. मी आखणी करून दिली होती: डबे खाद्यपदार्थांच्या बाजूला, बसायच्या जागेच्या कडेने आणि वाहनतळावर. प्रवेशद्वारापाशी एकही नाही. आखणी मान्य झाली, वायरी टाकून झाल्या. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी निरोप आला की गेटवर नेट लागलेच पाहिजे, कारण 'फ्री वाय-फाय'चा मोठा बोर्ड तिथे लागलाय. मी म्हटले, बोर्ड आत हलवा. उत्तर मिळाले, "मॅडम, बोर्डाचे पैसे आलेत. नेट गेटवरच द्या." भावाने मला गप्प राहायची खूण केली. शेवटी गेटच्या दोन्ही बाजूंना डबे लावून दिले.

संध्याकाळी लोक येऊ लागले आणि बोर्ड वाचून एकेक जण थांबू लागला. आधी क्यूआर स्कॅन करा, मग मोबाइल नंबर टाका, मग ओटीपीची वाट बघा. आता हा ओटीपी येणार कशावरून? मोबाइलच्याच नेटवर्कवरून! आणि ते तर एवढ्या माणसांनी आधीच कोंडलेले. नेट मिळत नाही म्हणून वाय-फाय घ्यायचे आणि ते घ्यायला लागणारा मेसेज त्याच अडलेल्या नेटवर्कवरून यायचा. मेसेज येईना म्हणून लोक 'पुन्हा पाठवा' दाबत राहिले, म्हणजे गर्दीत आणखी मेसेज. ज्यांची नोंदणी झाली ते तिथेच उभे राहून फोटो पाठवू लागले, कारण चार पावले पुढे गेले की रेघ कमी होत होती. मागून येणाऱ्यांना पुढे काय चाललेय ते दिसत नव्हते. ते ढकलत राहिले.

मी जनरेटरजवळ स्विचच्या पेटीपाशी होते, सगळ्या डब्यांच्या वायरी तिथेच येतात. गेटच्या कडेला बांबूच्या कठड्याला एक आजी टेकल्या गेल्या होत्या, कडेवर नातू. त्या ओरडतही नव्हत्या, नुसत्या दोन्ही हातांनी पोराला वर धरून होत्या. मी कोणालाही न विचारता गेटच्या दोन्ही डब्यांच्या वायरी स्विचमधून उपटल्या. 'नेट गेलं' अशी कुजबुज झाली आणि लोक फोन खिशात टाकून आत सरकू लागले. बघता बघता गेट मोकळे झाले. आजींच्या दंडाला खरचटले होते, बांगडी फुटली होती. पोर ठीक होते.

बिल द्यायच्या वेळी आयोजकांनी रक्कम कापली. कागदावर कारण लिहून दिले: 'प्रवेशद्वारावरील सेवा खंडित.' मी त्यांना आजींचे सांगितले. ते म्हणाले, गर्दीचे बघायला आमचे स्वयंसेवक होते, तुम्ही तुमचे काम करायचे. कापलेल्या पैशांचे दुःख आहेच, लहान धंद्यात प्रत्येक रुपया मोजावा लागतो. पण त्याहून राग येतो तो या उत्तराचा. गेटवर माणसे थांबवणारी वस्तू मीच लावली असेल तर गर्दी हे माझे काम नाही कसे?

पत्रलेखक नाशिकचेच असतील तर २७ ऑगस्ट २००३ त्यांना आठवत असेल. त्या कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकापाशी, चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. मिरवणुकीतून नाणी उधळली गेली, ती घ्यायला माणसे थांबली, वाकली, असे तेव्हा सांगितले गेले. उतरत्या अरुंद वाटेवर पुढची माणसे क्षणभर थांबली तरी काय होते, हे या शहराने पाहिले आहे. त्याच सरदार चौकात 'इथे मोफत नेट मिळेल' असा बोर्ड लावा, ही मागणी मला सहन झाली नाही. चालत्या माणसाला थांबवणारी कोणतीही वस्तू त्या उतारावर नको. फुकटचे नेट तर माणसाला हमखास थांबवते.

चालती गर्दी यंत्रालाही झेपत नाही, तेही सांगते. जोडलेल्या प्रत्येक फोनला जाळ्यात स्वतःचा एक पत्ता, म्हणजे एक क्रमांक, लागतो आणि साध्या मांडणीत एका जाळ्यात असे जेमतेम अडीचशे पत्ते असतात. एकदा जोडलेला फोन खिशातल्या खिशातही पत्ता घेऊन बसतो. पत्त्याची मुदत बऱ्याच ठिकाणी २४ तासांवर सोडलेली असते. मग पाच मिनिटांत पूल ओलांडून गेलेल्या माणसाच्या नावावर तो पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकतो आणि खांबाखाली उभ्या असलेल्याला काही मिळत नाही. मुदत कमी करून आणि जाळे मोठे करून हे सोडवता येते, पण निविदेच्या कागदात खांबांची संख्या असते, हे नसते.

मग वाय-फाय हवे कुठे? जिथे माणसांनी थांबावे, बसावे अशीच आपली इच्छा असते, तिथे. बाह्य वाहनतळ, बसची तात्पुरती स्थानके, नाशिकरोड स्टेशनबाहेरचे मोकळे पटांगण, तपोवनातले निवारे, हरवले-सापडले केंद्रे. ओळख पटवल्याशिवाय सार्वजनिक नेट देता येत नाही, म्हणून ओटीपी टळत नाही. पण तो शहराच्या वेशीवर, मोबाइलचे नेटवर्क मोकळे असतानाच घेता येतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सार्वजनिक वाय-फायच्या पीएम-वाणी योजनेत एकदा ॲपवर नोंदणी केली की योजनेतल्या कोणत्याही ठिकाणी तीच चालते. वाहनतळावर उतरतानाच नोंदणी करून द्यायला आमच्यासारखे स्थानिक केबलवाले उभे राहतील.

घाटावरच्या फुलवाल्यांना, पूजा साहित्याच्या दुकानांना मात्र तारेची स्वतंत्र जोडणी द्या. गर्दीत सिमवरचा साउंडबॉक्स गप्प होतो, पैसे गेले की नाही ते कळत नाही आणि गिऱ्हाईक फोन हातात धरून वाटेतच उभे राहते. संकटाची सूचना द्यायची असेल तर सेल ब्रॉडकास्ट आहे, म्हणजे टॉवरवरून सगळ्या फोनना एकदम जाणारा संदेश. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन चाचणीसाठी एकदम वाजले होते, तेच. त्याला ना नेट लागते ना ओटीपी. आणि साधे भोंगे नीट चालू ठेवा. मायलेकरांची चुकामूक होते तेव्हा अजूनही भोंग्यावरूनच गाठ पडते.

आणखी एक. २ ऑगस्ट २०२७ चे पहिले अमृतस्नान ऐन पावसाळ्यात आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागते ते इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ चा पूरही सगळ्यांनी पाहिला. तरी घाटावर कमरेइतक्या उंचीला लोखंडी पेट्या लावलेल्या मी पाहते. त्यात स्विच बसवले तर पहिल्याच विसर्गात अख्खी ओळ बंद पडेल. पेट्या पूररेषेच्या वर, जुन्या वाड्यांच्या आणि दुकानांच्या भिंतींवर घ्याव्या लागतील. त्यासाठी मालकांशी बोलणी आतापासून हवीत.

आणि हे फायबर टाकायला रस्ते खोदणार असाल तर कृपा करून एकदाच खोदा. आमच्या गल्लीत ड्रेनेजवाल्यांनी खोदून बुजवले, मग गॅसवाल्यांनी त्याच जागी खोदले, मग आणखी कोणी. प्रत्येक वेळी आमची केबल तुटते, जोडणारे आम्ही आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारेही आम्हीच. रात्री पावसात छत्री धरून फायबर जोडताना माझ्या भावाच्या बोटात काच घुसली आहे. रस्ता उघडाच आहे तर दोन रिकामे पाइप जास्तीचे टाकून ठेवायला कितीसा खर्च येतो? पुढचा येईल तो त्यातून ओढून घेईल.

संपादक महाशय, आपल्याला विनंती एवढीच की कुंभासाठी वाय-फायचे खांब कुठे उभे राहणार याचा नकाशा संबंधितांकडून मिळवून काम सुरू होण्याआधी आपल्या अंकात छापावा. पंचवटीतली माणसे तो बघून सांगतील, कुठे गर्दी अडते आणि कुठे पाणी चढते.

आपली,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, पंचवटी, नाशिक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये. बिलाचा विषय अजून मिटलेला नाही.)