कासचे फोटो: रंग सुधारणे वेगळे, आभाळ बदलणे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कास पठारावर फुलांचा हंगाम सुरू झाला की वाचकांनी पाठवलेले फोटो सगळीकडे झळकू लागतात. त्यातले बरेचसे इतके भडक केलेले असतात की फूल ओळखता येत नाही. म्हणून एडिटिंगच नको, असे मात्र अजिबात नाही. कॅमेऱ्याची रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) फिकट, सपाटच दिसते. ती प्रोसेस करावीच लागते. फिल्मच्या काळातही डार्करूममध्ये प्रिंटचा एक भाग हाताने झाकून उजळ राखत, दुसऱ्याला जास्त उजेड देऊन गडद करत. निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करणे हे तर स्टुडिओतले रोजचेच काम होते.

बिघडते ते सॅच्युरेशनवर, म्हणजे रंगाच्या भडकपणावर. तेरड्याच्या गुलाबी-जांभळ्या रंगात लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधीच 255 च्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या जवळ असतो. स्लायडर आणखी ओढला की तो तिथेच अडकतो, पाकळीवरच्या शिरा आणि छटा पुसल्या जातात आणि उरतो नुसता गुलाबी डाग. झगझगीत जांभळा तर वर्तमानपत्राच्या कागदावर उतरतच नाही, मळकट होतो. हे टाळायचे तर फोटो घेतानाच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतलेला उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप (उजेडाचे माप) कमी ठेवावे आणि लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ दाखवणारा आलेख) वेगवेगळा बघावा. लाल उजव्या कडेला चिकटलेला नसावा. ढगाळ उजेडात व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवण्याची सेटिंग) 6000 ते 6500 केल्व्हिनवर पक्का करावा. ऑटोवर सोडला तर सीतेची आसवे ही फुले एका फोटोत निळी, दुसऱ्यात जांभळी येतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या असतात, जेपीजीत 256. म्हणून जेपीजीवर ओढाताण केली की आभाळात पट्टे पडतात. मोबाइलवाल्यांनी सीन ऑप्टिमायझर (रंग आपोआप बदलणारी सोय) बंद करावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आभाळ बदलणे ही मात्र सुधारणा नव्हे. फोटोशॉपमध्ये 2020 पासून त्याची तयार सोय आहे आणि तिचा सुळसुळाट झाला आहे. नीट पाहिले तर ते उघडे पडते: वर निळेभोर आभाळ आणि कडक ऊन, पण फुलांखाली सावलीच नाही, कारण मूळ फोटो ढगाळ हवेतला. कुमुदिनी तलावाच्या फोटोत वर पांढरे ढग आणि पाण्यात मात्र करड्या पावसाळी आभाळाचे प्रतिबिंब. गवताच्या पात्यांभोवती फिकट कड राहते, तीही बघावी.

याहून वाईट म्हणजे फोटोतली माणसे आणि तुडवलेली वाट क्लोन करून (फोटोतलाच दुसरा भाग त्यावर चिकटवून) काढणे. जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत ही फुले येतात. पाय पडून तिथे काय झाले, हे फोटोत दिसलेच पाहिजे. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेल्या या पठाराचे फोटो म्हणजे नोंद आहे: कोणत्या आठवड्यात काय फुलले, टोपली कारवी कोणत्या वर्षी बहरली. एका ठिकाणचा सोनकीचा ताटवा उचलून दुसरीकडे चिकटवला की ती नोंद खोटी ठरते. अशा फोटोला 'डिजिटल कलाकृती' म्हणून जरूर छापावे, बातमीसोबत नको.

वर्ल्ड प्रेस फोटो या आंतरराष्ट्रीय वृत्तछायाचित्र स्पर्धेत अंतिम टप्प्याजवळ पोचलेल्यांकडून मूळ फाइल मागवून पडताळणी करतात. 2015 मध्ये त्या टप्प्यावरचे सुमारे 20 टक्के फोटो बाद झाले होते. आपल्या पुरवणीने वाचकांच्या फोटोंसाठी एवढेच करावे: निवडलेल्या फोटोची कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल मागवावी आणि फोटोखाली तारीख, ठिकाण आणि काही घातले-काढले असल्यास त्याची एक ओळ छापावी. उजेड, रंग, क्रॉप यांची नोंद नसली तरी चालेल. येत्या हंगामापासून हे सुरू व्हावे, ही विनंती.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, सातारा