सातबारा कोरा करण्याआधी

प्रिय विल्सन,

सप्रेम नमस्कार.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, क्षमेविषयी काय वाचावं, असं तू विचारलंस. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय घे. तेवढाच पुरे.

त्यात निर्दय चाकराचा दाखला आहे : राजा त्याचं 10,000 तालांतांचं कर्ज माफ करतो, आणि तो मात्र सोबतीच्या चाकराला 100 दिनारांसाठी तुरुंगात टाकतो. हा दाखला मिसामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी वाचतात. पहिल्या आठवड्याच्या मंगळवारी प्रभूची प्रार्थना असते. मधले चौदा दिवस वहीचे : ज्यांना क्षमा करायची त्यांची नावं तीत लिहायची. त्या प्रार्थनेत आपण ‘अपराध’ म्हणतो, पण मत्तयचा मूळ शब्द आहे ‘ऋण’, आणि क्षमा करण्याचं क्रियापद म्हणजे सोडणं, जाऊ देणं. ऋण सोडायचं तर आधी ते किती, हे कळायला हवं. म्हणून एकेका नावापुढे लिही : काय घडलं, त्यात काय गेलं (पैसा, झोप, अब्रू), आणि मनातल्या मनात तू अजून काय वसूल करतो आहेस. ‘सगळ्यांना माफ केलं’ हे वाक्य वहीत चालणार नाही. सरकारी कर्जमाफीतसुद्धा खातं आणि रक्कम लागतेच.

दाखल्यातले आकडे तर मांडूनच बघ. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. 10,000 तालांत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. सोबतीच्या चाकराचं देणं 100 दिनार. प्रवचनं पहिल्या आकड्यावर इतकी रेंगाळतात की दुसरा चिल्लर वाटू लागतो. पण 100 दिनार म्हणजे मजुराच्या घरातली तीन-चार महिन्यांची चूल. तुला झालेली इजा क्षुल्लक होती, असं येशू कुठेच म्हणत नाही.

दाखल्याच्या आधीची 15 ते 17 ही वचनं लोक गाळतात. आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपल्याकडे हा क्रम उलटा; सुरुवातच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. मात्र जिथे मारहाण आहे तिथे एकट्याने जाण्याचा प्रश्नच नाही. मार खाणाऱ्या बाईला ‘सत्तर वेळा सात क्षमा कर’ हे येशूचं वचन ऐकवून परत घरी धाडणं, याला मी शास्त्राचा गैरवापरच म्हणेन.

कर्ज माफ केलं म्हणून तीच रक्कम पुन्हा उसनी द्यावी असंही नाही. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात योसेफ, त्याला पूर्वी विकून टाकणाऱ्या भावांना लगेच ओळख देत नाही. धाकट्या बन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवतो आणि धाकट्याला हे पुन्हा टाकून जातात का ते पाहतो. त्यांच्यातला यहूदा बन्यामीनऐवजी गुलाम व्हायला तयार होतो, तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटतो. अध्याय 44 आणि 45 लागोपाठ वाच.

वहीचं दुसरं पान तुझ्या स्वतःच्या देण्याचं. बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या अध्याय 6 नुसार मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून परत करायचं : 5,000 बुडवले असतील तर 6,000. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट देतो. माफी मागताना वाक्यात ‘पण’ आला की थांब, तिथून वकिली सुरू होते. आणि तुझं मन हलकं व्हावं म्हणून समोरच्याची जखम उकरू नकोस. त्याला भेटायचं नसेल तर दोन ओळींची चिठ्ठी पुरते.

पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, चौथ्या आठवड्यातच उरकून घे. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात, रांग इतकी असते की दोन मिनिटंही धड मिळत नाहीत. तिथे आपलीच पापं सांगायची, भावकीची नाहीत!

‘किती वेळा क्षमा करू?’ असं विचारणाऱ्या शिष्य पेत्राला येशूकडून मिळालेला ‘सत्तर वेळा सात’ हा आकडा ग्रीकमध्ये सत्याहत्तर असाही वाचता येतो. उत्पत्ती 4 मध्ये लामेख सूडाची बढाई मारतो, तीही सत्याहत्तर पटीचीच. सोडलेलं खातं एखाद्या सकाळी पुन्हा डोकं वर काढेल. तेव्हा नवं पान उघडू नकोस, त्याच नावापुढे त्या दिवसाची तारीख घाल.

तुझाच,
मित्र