हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा

महोदय,

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या कुंडात आम्ही वर्षानुवर्षं पाय धुतले, पण त्यातला इवलासा मासा शास्त्राला अनोळखी होता, हे २०२० साली कळलं. 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव त्याला नदीवरूनच मिळालं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. कुंड देवाचं म्हणून जपलं गेलं, हेही तितकंच खरं.

आंबोलीच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, भेकाला (बेडकासारख्या 'टोड'ला) मात्र देऊळ नाही. वाघासारखे पट्टे मिरवणारा हा जीव २००९ मध्ये जगापुढे आला. पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते आणि त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्या घाटात येऊ लागतात. रात्री विजेरी घेऊन, भिजत, चाकाखाली येणारे जीव बाजूला करणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. प्रजाती ओळखण्याचं काम अशाच चिकाटीवर उभं आहे. निदान जूनमध्ये तरी रात्रीच्या वाहनांचा वेग या पट्ट्यात आवरावा आणि या अभ्यासकांना वनखात्याने सोबत घ्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सावंतवाडी