मोळी आणि आंघोळ

प्रिय विद्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मुलांच्या गोष्टींत राजकारण नको, वर्गात तर नकोच, असं तुमच्या पालकसभेत ठरलं आणि तुलाही ते पटलं, हे वाचून राहवेना. लगेच लिहायला बसले.

‘श्यामची आई’ आपण संस्काराचं पुस्तक म्हणून मुलांच्या हातात देतो. साने गुरुजींनी ते लिहिलं १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. देशासाठी तुरुंगात बसलेला माणूस राजकारण दाराबाहेर ठेवून गोष्ट सांगेल कसा? त्यातली मोळीची गोष्ट आठव. महार समाजातल्या म्हातारीची मोळी पडलीय, विटाळाच्या भीतीने कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि घरी येऊन आंघोळ कर.

सातवीला हे वाचून दाखवलं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, चांगलं काम केलं ना त्याने? मग आंघोळ कशाला?” वर्ग एकदम जागा झाला. कुणी म्हणालं, आई लोकांना घाबरली असेल. एक मुलगा हळूच म्हणाला, आमच्या आजीकडे अजून वेगळा कप असतो. मी उत्तर दिलं नाही, बोलू दिलं. मग एवढंच सांगितलं, की याच गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. तिथे आंघोळीची अट उरली नव्हती.

तुझी भीती मला कळते. शिक्षकाने पक्षाचा प्रचार करावा, मुलांकडून घोषणा घोकून घ्याव्यात, याला माझाही ठाम विरोध आहे. ज्या गोष्टीत मुलाला ‘का’ विचारायला जागाच नाही, ती खुशाल बाजूला ठेव. पण आंघोळीचं वाक्य गाळून फक्त मायाळू आई सांगायची, हेही राजकारणच झालं गं.

आणि मुलांना झेपत नाही म्हणतेस? फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं तिने थेट देवालाच विचारलंय. तो निबंध तुमच्या आठवीला वाचायला दे.

पालकसभेने कोणती पुस्तकं काढायला सांगितलीत, ती यादी पाठव. पुढच्या सभेला मी येते, पालकांशी आपण दोघी मिळून बोलू.

तुझी,
शुभा