मेरिनो ही निसर्गाची देणगी नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत थंडीच्या कपड्यांवर लेख होता, त्यात मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर म्हणजे "निसर्गाची देणगी" असं छापलंय. वाचून हसूच आलं. ती मेंढी माणसाने घडवलीय आणि घडवताना तिचं काय झालं यावर लेखात एक ओळ नाही, म्हणून लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे ऑस्ट्रेलियात गेलो होतो तेव्हा जावयाने एका मेंढ्यांच्या फार्मवर नेलं. आमचं गाव माण तालुक्यातलं, धनगरांची मेंढरं शेतात बसवलेली लहानपणापासून बघितलीत, म्हटलं मेंढरात वेगळं काय असणार. तिथल्या माणसाने मेंढीच्या बरगडीवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवून दाखवली, वरून मळकट राखाडी आणि आत एकदम लोण्यासारखी, बारीक बारीक लाटा असलेली, बोटांना मेणचटपणा लागतो तो वेगळाच. एकेक केस 20 मायक्रॉनच्या आसपास जाड, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. देखणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण मग तिच्या मानेकडे लक्ष गेलं, नुसत्या वळ्याच वळ्या, जणू दुसऱ्या कोणाचं ढगळ कातडं अंगावर चढवलंय.

ह्या वळ्या मुद्दाम वाढवलेल्या. 1880 च्या दशकात तिकडच्या लोकांनी अमेरिकेतून व्हर्माँट मेरिनोचे मेंढे आणले, हिशोब सरळ होता की कातडी जास्त तर लोकर जास्त. पण शेपटीखालच्या वळ्यांत मूत, लेंड्या, ओल साचते, तिथे हिरवी माशी अंडी घालते आणि अळ्या मेंढीला जिवंतपणी खातात. त्यावर जॉन म्यूल्स नावाच्या मेंढपाळाने 1930 च्या सुमारास उपाय काढला तो असा की कोकराच्या शेपटीभोवतीची कातडीच कापून काढायची, म्हणजे तिथे व्रण धरतो आणि लोकर येत नाही. यालाच म्यूल्सिंग म्हणतात आणि कित्येक वर्षं हे भूल न देताच चालायचं. म्हणजे आधी वळ्या वाढवल्या आणि मग त्याच कापत बसले!

बरं एवढ्यावर भागत नाही. जंगली मेंढीची लोकर उन्हाळ्यात आपली आपण गळते, हिची गळत नाही, कातरली नाही तर वाढतच राहते. 2015 मध्ये कॅनबेराजवळ एक चुकलेला मेंढा सापडला त्याच्या अंगावरून 41 किलो लोकर निघाली, बिचाऱ्याला धड चालता येत नव्हतं. काहींच्या तोंडावर इतकी लोकर येते की डोळेच झाकले जातात, मग डोळ्यांपुरती वेगळी कातरायची.

आता तिकडेच काही जण गुळगुळीत अंगाचे, शेपटीखाली कमी लोकर असलेले मेंढे निवडून पैदास करतात आणि माशीचा त्रास कमी होतो. न्यूझीलंडने तर 2018 मध्ये म्यूल्सिंगवर बंदीच घातली. ऑस्ट्रेलियात अजून चालू आहे.

आपल्याकडे बरोबर उलटं चाललंय. दख्खनी मेंढीची लोकर काळी, जाडीभरडी, पण घोंगडं त्याचंच होतं. आता भाव मटणाला, त्यामुळे जो तो मटणासाठी मडग्याळ जातीचा मेंढा लावतो, उंच, बाकदार नाकाचा, लोकर नावाला. मेंढपाळाला दोष देणार नाही, कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, आमच्याकडे कातरलेली लोकर बांधावर टाकून दिलेली मी बघितलीय. पण मागच्या वर्षी घोंगडं हवं होतं तर घोंगडी विणणारा सणगर म्हणाला, आधी लोकर घेऊन या.

असो. लेकीने दिलेला मेरिनोचा स्वेटर मीही घालतो, माझी तक्रार स्वेटरवर नाही. म्यूल्सिंग न केलेल्या मेंढ्यांची लोकर तसं लेबल लावून मिळते, पुढच्या वेळी किमती छापाल तेव्हा तेवढी एक ओळ टाका.

एक वाचक, ता. माण, जि. सातारा