रंगूनच्या थोरल्या आबांविषयी

नवी दिल्ली

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेल्या ज्या मोडी पत्राचे फोटो बाबांनी मला पाठवले होते, ते पत्र आता पूर्ण वाचून झाले आहे. विद्यापीठात मोडी शिकलेल्या माझ्या मैत्रिणीने ते ओळीओळीने लावले आणि तिने केलेले देवनागरी लिप्यंतर मी यासोबत पाठवत आहे. ते वाचण्यापूर्वी कृपया माझे हे पत्र वाचावे, कारण आपल्या घरात आजवर जे सांगितले गेले त्याहून ते फार वेगळे आहे. थोरले आबा रंगूनला दुसरे घर करून राहिले नव्हते. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर जो पहिला हल्ला केला, त्यात ते गेले.

पत्र पणजोबांच्या, म्हणजे आबांच्या वडिलांच्या, नावे आहे. लिहिणारे गृहस्थ आबांच्याच तांदळाच्या गिरणीत कारकून होते आणि दोघे एका खोलीत राहत होते. १९४२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला पोहोचल्यावर त्यांनी ते लिहिले. त्या मंगळवारी सकाळी आबा हिशेबाचे कागद घेऊन गोदीवर गेले होते. भोंगा वाजला, परंतु त्याआधीही तो वाजून काहीच घडले नव्हते, त्यामुळे लोक आडोशाला न जाता रस्त्यातच उभे राहून वर पाहत राहिले. रात्री आबा खोलीवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी या गृहस्थांनी गोदीजवळ शोध घेतला तेव्हा कोटावरून त्यांना आबांची ओळख पटली. मात्र प्रेते गाड्यांत भरून एकत्रच नेली जात होती, म्हणून वेगळा अग्नी देता आला नाही. त्याबद्दल त्यांनी पणजोबांची हात जोडून क्षमा मागितली आहे. स्वतः ब्रह्मदेशातून कसे बाहेर पडले याविषयी मात्र त्यांनी एकच ओळ लिहिली आहे.

एका पत्राच्या आधारावर एवढी मोठी गोष्ट तुमच्यापुढे मांडणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी त्यातील तपशील त्या काळाच्या इतिहासाशी ताडून पाहिले. २३ डिसेंबर १९४१ हा वार मंगळवारच होता. विमाने सकाळी आली. मिंगलाडोनचा विमानतळ, गोदी आणि शहराचा दाट वस्तीचा भाग यांवर बॉम्ब पडले. इतकी माणसे का मेली, याचे कारण जवळजवळ सर्वत्र तेच दिले आहे जे या गृहस्थांनी लिहिले आहे: आसरा घेण्याच्या जागा अपुऱ्या होत्या आणि विमानांची झुंज पाहण्यासाठी गर्दी उघड्यावर उभी होती. त्या एका सकाळी हजाराहून अधिक माणसे मेली असे मानले जाते. काही अंदाज दोन हजारांच्या घरात जातात. नाताळच्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. १९३१ च्या जनगणनेत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक हिंदुस्थानी होते आणि गोदीतली हमाली तर बहुतेक त्यांच्याच हाती होती, तेव्हा मेलेल्यांत आपल्याकडची माणसे किती असतील याची कल्पना येते.

पुढचे मी विस्ताराने लिहीत नाही. शहर रिकामे होऊ लागले आणि लाखो लोक प्रोमच्या रस्त्याने पायी निघाले. कोणी तौंगुपची खिंड ओलांडून आराकानमार्गे चितगावकडे गेले, कोणी तामूवरून मणिपुरात उतरले. पटकी, उपासमार आणि थकवा यांनी वाटेत हजारोंचा बळी घेतला. ८ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य रंगूनमध्ये शिरले. आबांची वार्ता आपल्या घरी पोहोचवणारे गृहस्थ त्याच सुमारास कलकत्त्याला पोहोचले, म्हणजे याच लोंढ्यातून आले असले पाहिजेत. त्या माणसाने वाटेत काय काय सोसले असेल, आणि तरीही पोहोचताच पहिले काम म्हणून कोल्हापूरला पत्र टाकले, हे मनात आले की माझे मन भरून येते. त्यांचे वारस कुठे असतील ते शोधण्याचा मी प्रयत्न करणार आहे. त्यांना हे सांगणे आपले देणे आहे असे मी मानते.

रंगूनच्या उत्तरेला तौक्क्यान येथे युद्धस्मारक आहे. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये बॉम्बहल्ल्यांत आणि युद्धात मेलेल्या सुमारे ६७,००० नागरिकांच्या नावांचे सात खंड ठेवलेले आहेत. ती यादी मी पाहिली. आबांचे नाव तिच्यात नाही. आपल्या महावीर उद्यानात वळिवड्याच्या छावणीत राहून गेलेल्या पोलिश निर्वासितांची आठवण जपणारे स्मारक आहे, आणि ते असावे हे उचितच आहे. परंतु त्याच युद्धात आपल्या पेठेतून गेलेला एक तरुण कारकून मारला गेला, याची नोंद त्याच्या स्वतःच्या घरातही राहू नये, हे मला सहन होत नाही.

बाबा, आता सर्वांत अवघड गोष्ट. पणजोबांना मोडी उत्तम येत होती. पाकीट फोडलेले आहे आणि पत्राच्या घड्या वारंवार उघडल्यामुळे झिजल्या आहेत, हे तुम्हीच मला सांगितले होते. म्हणजे त्यांना १९४२ सालीच सर्व कळले होते आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. थोरल्या आजींनी शेवटपर्यंत कुंकू लावले ते यामुळेच. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम वीस असेल. विधवा झालेल्या मुलीच्या वाट्याला तेव्हा काय येत असे हे आईला अधिक ठाऊक आहे. सुनेचे कपाळ पांढरे होऊ नये म्हणून पणजोबा गप्प राहिले असावेत, असे मला वाटते. त्यामागची माया मी जाणते. तरीही त्यांचा निर्णय मला पटत नाही, कारण त्या मौनाची किंमत दोघांनी मोजली: आजींनी आयुष्यभर वाट पाहिली, आणि जो माणूस कामावर असताना मेला त्याच्या नावाला बायको टाकल्याचा कलंक लागला. तुम्ही लहान असल्यापासून हेच ऐकत आलात, त्यात तुमचा दोष नाही. आता मात्र आत्यांना आणि काकांच्या मुलांना खरे काय ते तुम्हीच सांगावे. तुमच्या तोंडून ऐकले तर ते मानतील.

आपण आबांचे पान आजवर सर्वपित्री अमावस्येला वाढत आलो, कारण तिथी माहीत नव्हती. शस्त्राने मरण आलेल्यांचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात, हे गुरुजींना विचारून पाहावे आणि यंदापासून ते त्या दिवशी पंचगंगेवर करावे, अशी माझी विनंती आहे. वर्षश्राद्धाची तिथी पौष शुद्ध पक्षात येते. नेमकी कोणती, हे गुरुजी जुने पंचांग पाहून सांगतील. देहाला अग्नी मिळाला नसल्याने पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देणे, आता करता येईल का, हेही विचारावे.

आणखी दोन कामे आहेत. आबांच्या मनिऑर्डरींची कुपने ट्रंकेत असतील तर त्यांवरील तारखांचे शिक्के दिसतील असे फोटो पाठवावेत. तसेच कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, त्यामुळे ब्रह्मदेशातील आपल्या प्रजाजनांविषयी दरबाराने रेसिडेन्सीमार्फत, म्हणजे संस्थानातील इंग्रज सरकारच्या कचेरीमार्फत, काही विचारणा केली असल्यास ते कागद पुराभिलेख कार्यालयात असू शकतात. बाबांनी तिथे जाण्याचे कष्ट घेऊ नयेत. मी पितृपक्षाआधी रजा घेऊन येत आहे, तेव्हा आपण दोघे मिळून अर्ज करू. ट्रंक तोपर्यंत माळ्यावर न ठेवता कोरड्या जागी, खाली ठेवावी.

तुमची मुलगी