काट्याबरोबर टेपही लावा

जवानांच्या वजनाच्या निकषांवरील आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. लष्करात वजनाची शिस्त हवीच, याबद्दल दुमत नाही. पण लेखाने सगळा भार उंची-वजनाच्या तक्त्यावर टाकला आहे, ते पटले नाही. आमच्या सोलापुरात तालमीत घडलेला 170 सेंटीमीटर उंचीचा गडी सहज 80 किलो भरतो. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, 27 च्या पुढे जातो आणि कागदावर तो जादा वजनाचा ठरतो. तेवढ्याच उंचीचा, 65 किलोचा, काटकुळ्या हातापायांचा पण 94 सेंटीमीटर पोटाचा तरुण मात्र बिनबोभाट पास! काट्याला स्नायू आणि चरबी सारखीच.

अमेरिकी हवाई दलाने 2023 मध्ये कंबर व उंचीचे गुणोत्तर 0.55 पेक्षा कमी हवे, असा निकष आणला. त्यात हा दुसरा तरुण बरोबर अडकतो. तिथल्या लष्कराने तर त्याच वर्षी शारीरिक चाचणीत 600 पैकी 540 गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान 80 मिळवणाऱ्यांना चरबीच्या मोजणीतूनच सूट दिली.

होम मैदानावर पहाटे धावणारी भरतीची पोरे वजनाच्या धास्तीने कधी पाणी तोडतात, तर कधी केळी आणि पाणी ढोसून काटा वर आणतात. पोटाचा घेर असा एका रात्रीत फारसा हलत नाही. अग्निवीर भरतीत छाती 77 सेंटीमीटर आणि फुगवल्यावर 5 सेंटीमीटर जास्त, हे टेपनेच पाहतात. तीच टेप वीतभर खाली धरायला खर्च तो काय?

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सोलापूर